विश्लेषण : ‘झिप’मधला व्हायरस अँटिव्हायरस काढत का नाही? ‘डिलीट’ दाबण्यापूर्वी काय पाहावे?

वसई पूर्वेतील वालीव, सातिवली, गोखिवरे पट्ट्यातील लघुउद्योगांची खरेदी ऑर्डर, जीएसटी बिले, यंत्रभागांची ड्रॉइंग्ज आता ईमेलवरून, अनेकदा झिप फाइलमधून येतात-जातात. अशा संगणकावर स्कॅननंतर कधी कधी सूचना येते : व्हायरस सापडला, पण काढता आला नाही. घाबरून ‘डिलीट’ दाबले, तर व्हायरसबरोबर काही वर्षांचा पत्रव्यवहारही जाऊ शकतो. असे का होते?

झिपमधील व्हायरस किती धोकादायक?

झिप किंवा रार म्हणजे फाइलींचे घट्ट बांधलेले गाठोडे. त्यात नुसता पडून असलेला व्हायरस आपोआप चालत नाही. त्यातील फाइल उघडताना ती आधी डिस्कवर बाहेर काढली जाते आणि तेव्हाच अँटिव्हायरसचा सतत चालू असलेला पहारा ती तपासतो. त्यामुळे सूचना आली म्हणजे संगणक बाधित झालाच, असे नाही. हा पहारा बंद असेल, तर मात्र धोका खरा आहे.

मग तो तिथेच साफ का होत नाही?

एक फाइल काढायची तर गाठोडे सोडून पुन्हा बांधावे लागते. त्यात बाकीच्या फाइली खराब होण्याची भीती असते. म्हणून अनेक अँटिव्हायरस संपूर्ण झिप पुसणे, ती वेगळी डांबून ठेवणे म्हणजे क्वारंटाइन, किंवा सोडून देणे, असे पर्याय देतात. पुण्याच्या ‘क्विक हील’मध्येही झिपसाठी वेगळी सेटिंग असते. गाठोड्यात गाठोडे असेल तर किती खोल पाहायचे, यालाही मर्यादा असते. ‘४२.झिप’ ही कुप्रसिद्ध फाइल जेमतेम ४२ केबीची, पण पूर्ण उलगडली तर सुमारे ४५ लाख जीबी होते. मर्यादा नसेल तर अँटिव्हायरसच अडकून पडेल.

मेलबॉक्सची अडचण काय?

आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये इनबॉक्स, पाठवलेले मेल, अटॅचमेंट असे सगळे एकत्र असते. थंडरबर्डमध्ये सहसा प्रत्येक फोल्डरची एक मोठी फाइल असते. हजारो मेलमध्ये एक बाधित असला, तरी कारवाई संपूर्ण फाइलवर होऊ शकते. इनबॉक्स अचानक रिकामा दिसला, तर आधी क्वारंटाइनची यादी पाहावी. तिथून फाइल परत आणता येते. पुसलेली फाइल मिळणे अवघड.

योग्य पद्धत कोणती?

आधी मेलबॉक्सचा बॅकअप घ्यावा. अँटिव्हायरसच्या अहवालात मेलचा विषय किंवा तारीख दिसत असेल तर टिपून घ्यावी. मग अटॅचमेंट न उघडता तेवढाच मेल पुसावा आणि ट्रॅशही रिकामा करावा. थंडरबर्डमध्ये त्यानंतर फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करावा लागतो. तोवर पुसलेला मेल फाइलमध्ये राहतो आणि इशारा पुन्हा येतो. जीमेल ब्राउझरमध्ये वापरणाऱ्यांचे मेल गुगलच्या सर्व्हरवर असल्याने ही अडचण येत नाही.

पासवर्ड असलेली झिप सुरक्षित का नाही?

पासवर्डशिवाय अँटिव्हायरसला आतले तपासता येत नाही. २०२० मध्ये ‘इमोटेट’च्या टोळीने हेच हेरून कुलूपबंद झिप पाठवल्या आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिला. कुलपाबरोबर किल्लीही आली, तर शंका घ्यावी आणि पाठवणाऱ्याला आपल्याकडील जुन्या नंबरवर फोन करून खात्री करावी.

मोबाइलवर काय?

‘आरटीओ चलान’ किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइलही मुळात झिपच्याच धाटणीची असते. ती नुसती डाउनलोड झाल्याने चालत नाही. इन्स्टॉल करून परवानग्या दिल्या की संकट सुरू होते. अशी फाइल न उघडता पुसावी. पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे.