विलगीकरणाचा भुर्दंड कोणावर?

साथीच्या कक्षातून परतणाऱ्या आरोग्यसेवकाला काही दिवस अलग ठेवणे हे समाजहिताचेच आहे. प्रश्न आहे तो या हिताची किंमत कोणी द्यायची, हा. साथरोग कायदा 1897 च्या प्लेगमध्ये परकीय सरकारने केला. 2020 च्या कोरोनात स्वकीय सरकारने तोच वापरला. सक्तीचा अधिकार टिकला, जबाबदारी मात्र कायद्यात उतरली नाही.

15 मे 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सेवेनंतरचे सरसकट विलगीकरण अनावश्यक ठरविले. निवासाची सोय व वेळेवर वेतन यांसाठी 17 जूनला सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आदेश द्यावा लागला. त्यानंतरही विलगीकरणाचे दिवस रजेत धरून पगार कापल्याची तक्रार त्याच न्यायालयापुढे आलीच.

ही डॉक्टर-परिचारिकांची कथा. सोलापुरात विडी व यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांतून हिंडणारी ‘आशा’ सरकारदप्तरी कर्मचारीही नाही, ती ‘स्वयंसेविका’! तिला पगार नाही, मग पगारी रजा कोठून? एका खोलीच्या बिऱ्हाडात तिने कोणापासून अलग राहायचे?

लाभ साऱ्या समाजाचा आणि तोटा एकट्या श्रमिकाचा, हा हिशेब अन्यायाचा तर आहेच, शिवाय घातकही आहे. मजुरी बुडण्याच्या भीतीने माणूस ताप लपवितो आणि साथ पसरते. म्हणून विलगीकरणाचा प्रत्येक दिवस कामाचा दिवस मानला पाहिजे, आणि ‘आशा’ला कामगाराचा दर्जा मिळाला पाहिजे. टाळ्या-थाळ्यांनी चूल पेटत नाही. पुढची साथ येण्यापूर्वी ही मागणी चळवळीने रेटली पाहिजे.