उपेक्षित जनुकांचे अर्थकारण

मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा प्रकल्प २००३ साली पूर्ण झाला, तेव्हा मानवाच्या जीवनग्रंथाची सारी पाने उघडली गेली, असा मोठा बोलबाला झाला. पाने उघडली हे खरे. त्यांचा अर्थ मात्र अद्याप लागावयाचा आहे. मानवी शरीरात प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की, प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनाचा फार मोठा भाग त्यांपैकी जेमतेम २,००० जनुकांभोवतीच घुटमळत असतो. कर्करोगाशी निगडित 'टीपी ५३' या एकाच जनुकावर हजारो निबंध लिहिले गेले. उलट अनेक जनुकांना धड नावही नाही. 'टीएमईएम' ही अक्षरे व पुढे एक अनुक्रमांक, एवढीच त्यांची ओळख. या जनुकाचे प्रथिन पेशीपटलातून आरपार जाणारे असावे, इतकाच तिचा अर्थ.

अशा अनोळखी जनुकांत काय दडलेले असते, याचे एक उदाहरण बोलके आहे. दाबाची जाणीव पेशीला कशी होते, हा प्रश्न कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत आर्डेम पाटापुटियन व त्यांचे सहकारी बर्ट्रांड कोस्त यांनी हाती घेतला. उंदराच्या पेशींतील ७२ जनुके त्यांनी निवडली आणि एकेक निष्क्रिय करून पाहिली. यश आले ते अगदी अखेरच्या जनुकापाशी. 'एफएएम ३८ ए' या रुक्ष नावाने नोंदलेल्या त्या जनुकाचे २०१० साली 'पिएझो १' असे नामकरण झाले. त्याचे अजस्र प्रथिन पेशीपटलात रुतलेले असते. दाब पडताच त्यातील द्वार उघडते व विद्युतभारित कण आत शिरतात. मानवी रक्तवाहिन्यांना प्रवाहाची जाणीव होते ती याच प्रथिनामुळे. त्यातील बिघाडाने लाल रक्तपेशींचा एक आनुवंशिक विकार जडतो, हे २०१२ साली उघड झाले. २०२१ साली पाटापुटियन नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी ठरले. एकाहत्तराव्या अपयशानंतर ते थांबले असते तर?

थांबावे असेच आजचे अर्थकारण सुचविते. सावकार तारण पाहून कर्ज देतो, तद्वत अनुदान समित्या पूर्वीचे निबंध पाहून पैसा देतात. ज्या जनुकावर कोणी लिहिलेच नाही, त्याच्यापाशी तारण कोठले? उपरोक्त अभ्यासानुसार, अपरिचित जनुकांवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांची स्वतंत्र संशोधक होण्याची शक्यता निम्म्यावर येते. मग शहाणा विद्यार्थी मळलेलीच वाट धरतो, यात त्याचा काय दोष? खासगी भांडवलाकडून अपेक्षा करणेही व्यर्थ. फळ अनिश्चित आणि ज्ञान सर्वांचे, अशा ठिकाणी ते सहसा उतरत नाही. ही जबाबदारी शासनाचीच ठरते.

आपल्या देशाला तर हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन झाले व जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली करण्यात आली. माणसामाणसांतील जनुकीय भेद तीतून कळतील. पण ज्या जनुकाचे कार्यच अज्ञात, त्यातील भेदाचा अर्थ डॉक्टरने रुग्णाला काय सांगावा? सार्वजनिक संशोधननिधीचा एक निश्चित हिस्सा, मग तो विसावा का असेना, अशा अनभ्यस्त जनुकांसाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब निबंधांच्या संख्येवर मागू नये. फसलेले प्रयोगही प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे दुसऱ्याचे श्रम वाचतील. कसदार जमिनीत खत घालणारे पुष्कळ असतात. पडीक जमीन लागवडीखाली आणणे हे राज्यकर्त्याचे काम आहे.