सरासरीत न मावणारी माणसे

बँकेत शाखेतल्या ठेवींची सरासरी काढण्याइतके सोपे काम दुसरे नाही. एखाद्या अडत्याची मोठी मुदतठेव आली, की शेकडो गरीब खातेदारांची ‘सरासरी शिल्लक’ एका रात्रीत वधारते. त्यांच्या पासबुकात मात्र एक रुपयाही वाढलेला नसतो. ग्रामीण शाखांमध्ये बरीच वर्षे काढल्यामुळे ‘प्रादेशिक विकास’ हे शब्द कानी पडले, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : मोजले कोणाला?

अभ्यासकांच्या अहवालांनी काहीच होत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते खरे नाही. धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने १९६९ साली कर्जपुरवठ्याचे नियोजन क्षेत्रनिहाय करावे असे सुचवले आणि त्याच वर्षी जिल्हा हे एकक धरणारी अग्रणी बँक योजना आली. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली जिल्ह्याजिल्ह्याचा मागासलेपणा रुपयांत मांडला, तेव्हा ‘अनुशेष’ हा शब्द चहाच्या टपरीवर पोचला. पुढे १९९४ साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे आली. मागासलेल्या भागाला गाऱ्हाणे मांडताना हाती आकडा मिळाला, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण जिल्ह्याची सरासरीही त्या अडत्याच्या ठेवीसारखीच असते. सांगली म्हटले की कृष्णाकाठ आणि ऊस आठवतो. जत आठवत नाही. सातारा जिल्ह्यातच माण आणि खटाव आहेत. आणि तालुक्याची सरासरी काढली, तरी ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, तो भूमिहीन कोणत्या रकान्यात बसतो? कालवा आला, हेक्टर वाढले, अनुशेष घटला. याच्या ओंजळीत काय पडले?

याचे एक उत्तर पुणे जिल्ह्यातल्या दुष्काळी पुरंदर तालुक्याने देऊन ठेवले आहे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटायचे : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. गरिबाचा न्याय, पैशाचा न्याय आणि जमिनीखालच्या पाण्याचा न्याय एकाच नियमावलीत बसले, कारण मोजण्याचे माप बदलले होते.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यावर वाद झाले; ‘आमचे तुम्ही पळवले’ हेही पुन्हा ऐकू आले. प्रदेशाप्रदेशातला हिशेब व्हायलाच हवा, त्यासाठी स्वतंत्र अभ्यासही हवा. मात्र त्या वहीत प्रदेशाखाली तालुका, तालुक्याखाली गाव आणि गावाखाली घर असे रकाने असले पाहिजेत. ती वही ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली पाहिजे, म्हणजे ‘यात माझे नाव कुठे आहे?’ असे एखादी शेतमजूर बाई उठून विचारू शकेल. तिला उत्तर देता येत नसेल, तर अनुशेष भरला असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही.