पहिला कॅमेरा घेताय? बॉडीत नको, भिंगात पैसे घाला



मिरचीच्या फुलातले फुलकिडे मागच्या आठवड्यात इथं टाकले, तर फवारणीचं कमी आणि कॅमेऱ्याचंच जास्त विचारलं लोकांनी. "दादा, कोणता कॅमेरा?", "किती मेगापिक्सलचा?", "बजेट २५ हजार आहे, नवा येईल का?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो. मी काही फोटोग्राफर नाही, मिरची आणि मका करणारा माणूस आहे. खाली लिहितोय ते माझं मत. पटलं तर घ्या.

आधी मी कॅमेऱ्याच्या नादी का लागलो ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तीस गुंठे मिरची, मल्चिंगवर. जूनच्या शेवटी शेंड्याची पानं आकसायला लागली. आपल्याकडं त्याला सरसकट कोकडा म्हणतात. मी मोबाईलवर फोटो काढला, वरून, भर उन्हात, आणि व्हॉट्सॲपवर सल्लागाराला पाठवला. त्यांनी बघितलं आणि फुलकिड्याचं औषध सांगितलं. मारलं. फरक नाही. दुसरं सांगितलं. मारलं. पंधरा दिवसांत तीन फवारण्या झाल्या, औषधाचेच साडेसहा हजार गेले, मजुरी वेगळी. शेवटी शेजारच्या गावातला एक कृषी पदवीधर पोरगा बांधावर आला, खिशातून दहा पटीचं भिंग काढलं, पान उलटं केलं आणि म्हणाला, "काका, हा थ्रिप्स नाही, कोळी आहे. पान खाली वळलंय, बघा ना."

खरंच होतं. फुलकिड्यानं पानाच्या कडा वर वळतात, पान होडीसारखं होतं. कोळ्यानं कडा खाली वळतात, पानाचा देठ लांबतो, खालची बाजू तांबूस पडते. शाळेतल्या पोरालाही कळेल असा फरक. पण माझ्या फोटोत तो दिसतच नव्हता. वरून काढलेल्या फोटोत आकसलेलं पान फक्त आकसलेलं दिसतं. फुलकिड्याची बरीच औषधं कोळ्यावर चालत नाहीत. उलट काही औषधांनी कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी अजून फोफावतो. पहिले दोन तोडे असेच गेले.

सल्लागाराला मी दोष देत नाही. आंधळा फोटो पाठवला मी.

म्हणून कॅमेऱ्याच्या आधी फुकटातल्या तीन गोष्टी सांगतो. एक, दहा पटीचं हातातलं भिंग घ्या. काहीशे रुपयांत येतं आणि ते खिशात नसेल तर २५ हजारांचा कॅमेरा घेऊनही उपयोग नाही. मिरचीवरचा कोळी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा असतो. तो भिंगातूनच बघायचा. दोन, व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारकावे जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. तीन, एका फोटोवर कधी विचारू नका. पूर्ण प्लॉट, पूर्ण झाड बाजूनं, शेंडा जवळून आणि पानाची खालची बाजू, असे चार फोटो. शेजारी पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो.

एवढं करून भागत असेल तर कॅमेरा घेऊच नका. पैसे ठिबकला लावा.

पण ज्यांना दर आठवड्याला प्लॉटची नोंद ठेवायची आहे, जे चार गावांना सल्ला देतात, ज्यांना रोग आणि कमतरता यातला फरक फोटोवरून दाखवायचा आहे, त्यांनी पुढं वाचा. स्वस्त मोबाईलवर "मॅक्रो" म्हणून जो जादा कॅमेरा असतो तो बऱ्याचदा दोन मेगापिक्सलचा असतो, त्याच्यात काही राम नाही. शिवाय मोबाईल स्वतःच्या मनानं रंग खुलवतो. फिकट पान हिरवंगार करून दाखवतो. लोहाच्या कमतरतेत कोवळं पान पिवळं पडून शिरा हिरव्या राहतात, मॅग्नेशियमच्या कमतरतेत हेच जुन्या पानावर होतं. हा सगळा रंगाचा खेळ. मोबाईलनंच रंग बदलला तर निदान काय करणार, कपाळ!

आता मुद्द्याचं. दुकानात गेलात की पहिल्यांदा काय दाखवतात? दोन लेन्सचा सेट. एक १८-५५ आणि दुसरी लांब नळीची, २५०-३०० मिलिमीटरची. वर बॅग, स्टँड फुकट. दुकानदार समोरच्या रस्त्यावरची पाटी झूम करून दाखवतो आणि आपण खूश. अहो, पण ती लांब नळी पाखरं टिपायला. आपलं पाखरू मिलिमीटरभराचं आणि पानाच्या खाली बसलेलं. आपलं काम बारीक मोठं करायचं आहे.

ह्याचा साधा हिशोब मांडतो. ह्या वर्गातल्या डीएसएलआरच्या आतला सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद असतो. सोबत येणारी १८-५५ लेन्स वस्तूच्या एक तृतीयांश आकाराची प्रतिमा त्यावर पाडते. म्हणजे अगदी जवळ गेलात तर फोटोत साडेसहा सेंटिमीटर जागा मावते, म्हणजे मिरचीचं एक पान. २४ मेगापिक्सलच्या फोटोची रुंदी ६००० ठिपके. त्यात एक मिलिमीटरचा फुलकिडा येतो ९० ठिपक्यांत. किडा आहे एवढं कळतं, पण कसला ते कळत नाही.

आता त्याच लेन्सच्या आणि बॉडीच्या मधे ३१ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब बसवा. ट्यूब म्हणजे नुसती पोकळ कडी, आत काच नाही. लेन्स सेन्सरपासून लांब गेली की प्रतिमा मोठी होते. ५५ ला ठेवून काढलं की प्रतिमा मूळ आकाराच्या जवळपास जाते. तोच फुलकिडा आता अडीचशेच्या आसपास ठिपक्यांत येतो. पंखाची झालर दिसायला लागते. दीड-दोन हजारांच्या कडीनं जे झालं ते बॉडीवर वीस हजार जास्त घालून झालं नसतं. १८ मेगापिक्सलवरून २४ वर गेलात तर ठिपके रुंदीत फक्त सहाव्या हिश्श्यानं वाढतात. भिंग बदललं की तिप्पट वाढतात. ह्यापुढं मला काही वेगळं सांगायचं नाही.

ट्यूब घेताना आत पितळी टोकं असलेलीच घ्या, म्हणजे बॉडी आणि लेन्सचा संपर्क राहतो. बिनटोकाची तीनशे-चारशेला मिळते, पण कॅननवर तिच्यात लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही आणि फोटोतला बारीक पट्टाच तेवढा स्पष्ट येतो. पुढं पैसे आले की खरी मॅक्रो लेन्स घ्या. टॅमरॉनची ९० किंवा टोकिनाची १०० मिलिमीटरची जुनी मिळते. तिच्यानं किड्यापासून थोडं लांब राहून काढता येतं. ट्यूबनं इतकं जवळ जावं लागतं की कधी लेन्स पानाला टेकते आणि किडा उडून जातो. हा तिचा तोटा आहे, लपवत नाही.

बॉडी कोणती? पोरं म्हणतात, "आता मिररलेसचा जमाना आहे, डीएसएलआर कोण घेतं?" बरोबर आहे. कॅनन, निकॉन दोघांचंही नवं काम आता मिररलेसवरच चाललंय. पण त्याचमुळं लोक जुन्या डीएसएलआर काढून टाकतायत आणि आपल्याला त्या स्वस्तात मिळतायत. पाच वर्षांचा चांगल्या कंपनीचा ट्रॅक्टर घेतो ना आपण? तसंच आहे हे. हप्त्यावर नवा कॅमेरा घेऊन मिरचीच्या भावावर हप्ता ठेवू नका.

माझी एकच अट: मागची स्क्रीन बाहेर निघून फिरणारी पाहिजे. कीड पानाच्या खाली असते. स्क्रीन फिरत नसेल तर मल्चिंगवर गाल टेकवून झोपावं लागतं. कॅननच्या ७००डी, ७५०डी, २००डी आणि निकॉनच्या डी५३००, डी५५००, डी५६०० ह्यांची स्क्रीन फिरते. कॅनन १५००डी, ३०००डी आणि निकॉन डी३५०० ह्यांची स्क्रीन फिक्स असते. त्यातही ३०००डीला लेन्स बसते ती कडी प्लास्टिकची आहे. ट्यूब रोज काढा-घाला करणाऱ्यानं ती टाळावी. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेत आत फोकसची मोटर नाही, म्हणून मोटर नसलेली जुनी लेन्स त्यावर हातानंच फोकस करावी लागते. ७००डीला वायफाय नाही, शेतातून लगेच मोबाईलवर फोटो घ्यायचा तर कार्ड रीडर ठेवा.

जुना घेताना काय बघायचं? तालुक्यात जुना कॅमेरा म्हणजे बहुतेक लग्नाच्या फोटोग्राफरचा. एका लग्नात दोन हजार क्लिक धरा. पन्नास लग्नं म्हणजे एक लाख. ह्या वर्गातल्या बॉडीचं शटर साधारण तेवढ्यालाच धरतात. त्यापेक्षा हौसेनं घेऊन कपाटात ठेवलेला बघा. निकॉनचा शटरचा आकडा फोटोच्या फाईलमधे सापडतो. कॅननला बहुधा केबल लावून सॉफ्टवेअरनं बघावा लागतो. लेन्समधून टॉर्च मारा, आत जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, घेऊ नका. छिद्र एकदम लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. बिल आणि नंबर जुळतो का बघा. चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

मला पडलेला हिशोब: ७५०डी आणि १८-५५ मिळून जुनं १९,०००. ट्यूबचा सेट २,२००. कार्ड आणि जादा बॅटरी १,६००. हवाबंद डबा आणि सिलिका जेल ४००. एकूण २३,२००. तुमच्याकडं भाव थोडा इकडंतिकडं होईल.

शेतात वापरताना: सकाळी वारा पडलेला असताना जा. छिद्र एफ ८ ते ११. इतक्या जवळून तेव्हाही जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो, म्हणून पान सेन्सरला समांतर धरा. बॉडीवरचा फ्लॅश उघडा आणि पुढं दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा धरा, प्रकाश मऊ होतो. फोकस हातावर ठेवा, स्क्रीनवर दहापट मोठं करून बघा आणि कॅमेराच मागं-पुढं हलवा. दिवसा फ्लॅश नसताना व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता उन्हाच्या खुणेवर ठेवा, म्हणजे ह्या आठवड्याचं पान आणि पुढच्या आठवड्याचं पान एका रंगात तोलता येतं. फवारणी चालू असताना कॅमेरा बांधावर सुद्धा नको. लेन्स बदलायची तर गाडीत बसून बदला. पावसाळ्यात कातडी बॅगेत ठेवलात तर दोन महिन्यांत बुरशी येईल, डब्यातच ठेवा.

आता सल्ला देणाऱ्या मित्रांना एक विनंती. अंधुक फोटो आला तर औषधाचं नाव लिहू नका. "पान उलटं करून परत पाठवा" एवढंच लिहा. शेतकरी चिडेल, म्हणेल ह्याला काही येत नाही. चिडू द्या. माझ्या त्या पहिल्या फोटोवर कुणी एवढं लिहिलं असतं तर तीन फवारण्या वाचल्या असत्या.

आणि शेतकरी भावांनो, कॅमेरा रोग बरा करत नाही. पण काय मारायचं हे कळेपर्यंत टाकी भरायची नाही, ही सवय त्यानं मला लावली. ह्या हंगामात मिरचीवर माझ्या चार फवारण्या कमी झाल्या आहेत. कॅमेऱ्याचे पैसे अजून पूर्ण फिटले नाहीत. पुढच्या वर्षी फिटतील.

कुणाला जुना बघायला जायचं असेल आणि खात्री वाटत नसेल तर टॉर्च मारून लेन्सचा फोटो टाका. जमेल तसं बघून सांगतो. आणि हो, मिरचीचं विचारायचं असेल तर पान उलटं करून!