पाण्यावरचं हळदीकुंकू

मैत्रिणींनो, शेजारीपाजारी कोण आलं, कोण गेलं याची खबर आपल्याइतकी कुणाला असते? समोरच्या सूनबाई माहेरी गेल्या, तरी आपल्याला संध्याकाळपर्यंत कळतं. पण आपल्याच गावात राहणारे धोबी, शिंपी, वारकरी आणि सुगरण यांची कधी गाठ पडली आहे का? माणसांबद्दल नाही हं, पक्ष्यांबद्दल बोलतेय. एखाद्या रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाऊन यायचं, असा आजचा बेत आहे.

जायचं पाषाण तलावावर. मुंबई–बंगळूर महामार्ग पुण्याला पश्चिमेकडून वळसा घालून जातो. चांदणी चौकाकडून बाणेरकडे येताना पाषाण–सूस रस्ता लागतो. तिथे महामार्ग सोडून सुतारवाडीच्या बाजूला आत आलं, की तलाव जवळच आहे. राम नदीला इंग्रजांच्या अमदानीत बांध घालून हा तलाव केला, तो आसपासच्या भागाला पाणी मिळावं म्हणून. काठाकाठाने पायवाट आहे. चढण अशी नाहीच, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्या सासूबाईंनाही बरोबर न्यायला हरकत नाही. रमतगमत गेलात तरी तासाभरात फेरी होते. म्हणजे परत येऊन स्वयंपाकाला लागायलाही उशीर नाही!

बरं, आता ओळखी करून घेऊ. पाण्यावर एक करड्या-तपकिरी रंगाचं बदक दिसेल. त्याची चोच नीट बघा. काळी चोच, टोकाला पिवळीधमक, आणि कपाळापाशी दोन्ही बाजूंना एकेक लाल ठिपका. जणू कुणी हळद आणि कुंकू लावलं आहे. मराठीत त्याचं नावच हळदीकुंकू बदक! काळ्या अंगाचा, कपाळावर पांढराशुभ्र टिळा लावलेला पोहत असेल, तो वारकरी. एवढीशी टिबुकली तुम्ही बोट दाखवेपर्यंत डुबकी मारते आणि भलतीकडेच वर येते. काठाच्या ओल्या मातीत शेपूट सारखी वर-खाली आपटत चालतो, तो धोबी. हा हिवाळ्याचा पाहुणा. झुडपात पानं शिवून घरटं करणारा तो शिंपी.

आणि सुगरण? पाण्याकाठच्या बाभळीवर लोंबती घरटी दिसली, तर ती तिची समजा. पण गंमत ऐका. ती सुंदर वीण घालतो नर. मादी येऊन घरटं तपासते आणि पसंत पडलं तरच संसार मांडते. नाव मात्र सुगरणीचं! ही गोष्ट घरी जेवताना सगळ्यांसमोर जरूर सांगा.

ही नावं वाचून एक लक्षात आलं ना? आपल्याच घरातली आणि गावातली आहेत सगळी. ज्यांनी ती ठेवली, त्यांच्याजवळ ना दुर्बीण होती ना पुस्तक. पाणवठ्यावर जाता-येता त्यांनी नीट पाहिलं, एवढंच. अरण्यात आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींनी (१९३२–२०२५) अशी नावं गोळा करून ‘पक्षिकोश’ केला, म्हणून ती टिकली. हे पाहणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

त्यासाठी थोड्या सूचना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम, कारण तेव्हा उत्तरेकडून पाहुणे पक्षी येतात. ऊन चढायच्या आत पोहोचा. आत जाण्याची वेळ काय आहे, ते आधी विचारून घ्या. केशरी, पिवळे कपडे नकोत, मातकट किंवा फिका हिरवा रंग बरा. चपलेपेक्षा बूट घाला. दोघी-चौघी मिळून जा, आणि सोन्याचं मंगळसूत्र घरी ठेवून साधी काळी पोत घाला. पाणी आणि पोळीची गुंडाळी बरोबर असू द्या. पण ती आपल्यासाठी, बदकांसाठी नव्हे. पाण्यात टाकलेली पोळी, पाव कुजतात आणि पाणी नासतं. मुलं असतील तर जुन्या हिशेबाच्या वहीत दिसलेल्या पक्ष्यांची नावं त्यांना लिहायला सांगा. वहीच्या नादात ती गप्पही राहतील.

आता जरा टोचणारी गोष्ट. गेलात तर कदाचित पाण्यावर हिरवागार गालिचा दिसेल. त्याला भुलू नका. ती जलपर्णी. राम नदी भूगाव–भुकूमच्या बाजूने येते, बावधनवरून पाषाणला पोहोचते आणि पुढे औंधकडे मुळेला मिळते. वाटेत वस्त्यांचं सांडपाणी तिच्यात येतं. मैल्यातला नत्र आणि साबणातला स्फुरद हे जलपर्णीचं खतच. ती पसरली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे गुदमरतात, आणि टिबुकलीला बुडी मारायला मोकळं पाणी उरत नाही. पाहुणी बदकं पूर्वीसारखी येत नाहीत, असं पक्षिनिरीक्षक किती तरी वर्षं सांगताहेत.

यात आपला वाटा मोरीच्या तोंडाशी सुरू होतो. तेव्हा एवढं करा. तेलकट कढई आधी जुन्या कागदाने पुसा, मग घासा. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. कपड्यांना पावडर मापाने घाला, मूठभर नको. स्फुरद नसलेली मिळाली तर तीच आणा. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना द्या. निर्माल्य तलावात न सोडता त्याचं खत करा.

पण खरं सांगायचं, तर नुसत्या आपल्या काटकसरीने तलाव वाचणार नाही. सगळा भार बायकांच्या मोरीवर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. म्हणून सोसायटीच्या सभेत चहाचे कप मोजत मागे बसू नका. उभ्या राहून विचारा, ‘आपलं सांडपाणी नेमकं जातं कुठे? शुद्धीकरणाचं यंत्र बसवलं आहे, ते चालतं का?’ उत्तर मिळालं नाही, तर चार जणींच्या सह्यांचं पत्र महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. तलाव डोळ्यांनी पाहून आलेल्या बाईचा आवाज सभेत वेगळाच लागतो, बरं का!

तेव्हा या महिन्यात एक सकाळ काढाच. आणि हो, तुमच्या आजीच्या तोंडी पक्ष्यांची आणखी काही घरगुती नावं असतील, तर ती आम्हाला पत्राने जरूर कळवा.