पंचवीस वर्षांनी पुन्हा धुळीत

परवा पुतण्या आला तो मोबाईलवर फोटो उघडूनच. हिरवीगार, उंचच उंच मोटोक्रॉसची गाडी. "काका, ही घेतोय. साडेचारशे सीसी."

वय शेहेचाळीस. शेवटची शर्यत पळाला १९९९ मध्ये, आरएक्स १०० वर. मग नोकरी, लग्न, दोन मुलं. २०२४ च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीत सुपरक्रॉस बघून आला, तेव्हापासून हेच डोक्यात.

सूनबाईला वाटलं, मी त्याला चार शब्द सुनावेन. पण त्याने पुन्हा धुळीत जायला माझी ना नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की साडेचारशे नको, अडीचशे घे.

मराठीच्या मास्तरला यातलं काय कळतं, असं म्हणाल. पण आकडे वाचता येतात हो! आरएक्सचं वजन साधारण शंभर किलो, ताकद अकरा अश्वशक्ती. ही साडेचारशे वजनाला जेमतेम दहाएक किलो जास्त, आणि ताकद पन्नासच्या वर. अडीचशेची चाळीसच्या आसपास, म्हणजे तीही काही गरीब गाय नव्हे. गाडी ओढायला लागली की माणूस मुठी आवळतो, सवय नसली तर पाच-सात मिनिटांत हात कोपरापासून दगड होतात आणि ब्रेकवरची बोटं ऐकेनाशी होतात. हे मला त्यानेच सांगितलं. आणि तरी साडेचारशेच!

माझंही असंच झालं होतं. १९७८ मध्ये मी सेकंडहँड राजदूत घेतली, शाळेपर्यंत अकरा किलोमीटर कच्चा रस्ता होता. पुढे बदली झाली, गाडी विकली. निवृत्त झाल्यावर बारा वर्षांनी हौस उफाळून आली आणि चांगली जडशीळ मोटरसायकल घेतली. तिसऱ्या दिवशी फाटकापाशी, उभ्या उभ्या, ती माझ्या पायावर आडवी झाली. दीड महिना प्लास्टर. दुकानात माझ्या डोळ्यांपुढे तिशीतला मास्तर होता, गाडीवर बसला तो साठीला टेकलेला. ही गोष्ट मी घरच्यांना "रस्ता निसरडा होता" अशी सांगितली होती. आज खरं सांगून टाकतो.

पुतण्याचं वजन तेव्हा बासष्ट, आता चौऱ्याऐंशी. या गाड्यांची स्प्रिंग बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावावी लागते. अडीचशे घेऊन उरलेले पैसे त्यात, बुटांत आणि हेल्मेटात घाल, म्हटलं. शिवाय या गाडीला ना दिवा, ना नंबरप्लेट. ट्रॅकपर्यंत टेम्पोत घालून न्यायची, त्याचं भाडं वेगळंच.

"काका, वर्षभरात अडीचशेचा कंटाळा येईल."

"येऊ दे की. कंटाळा येईपर्यंत चालवलीस तर मीच पेढे वाटीन."

तो काही न बोलता गेला. मला वाटलं, रागावला. काल रात्री फोन आला, एक वापरलेली अडीचशे बघायला रविवारी येता का म्हणून. शर्यतीच्या गाडीचे किलोमीटर नव्हे, इंजिन किती तास चाललं ते बघायचं असतं म्हणे. येतो म्हटलं, पण एका अटीवर, मला एकदा तिच्यावर बसू द्यायचं. सीट जमिनीपासून पंचाण्णव सेंटिमीटर आहे. धरायला दोघं लागतील.