जिराफ दिसतो, राखणदार दिसत नाही

नामिब वाळवंटातल्या कोरड्या नदीपात्रात दोन नर जिराफ एकमेकांना भिडलेले असतात. तरुण नर लांब मान मागे खेचतो आणि डोक्याचा घाव म्हाताऱ्याच्या अंगावर घालतो. म्हातारा हेलपाटतो. आता तो कोसळणार असं वाटत असतानाच पुढचा वार शिताफीने चुकवून तो असा उलट तडाखा देतो की तरुण गडी वाळूत आडवा होतो. २०१३च्या जानेवारीत बीबीसीवर सुरू झालेल्या ‘आफ्रिका’ मालिकेच्या पहिल्याच भागातलं हे दृश्य ज्यांनी पाहिलं, ते सहसा विसरत नाहीत.

सहा भागांच्या या मालिकेमागे चार वर्षांचे कष्ट होते. चांदण्यांच्या उजेडावर चित्रण करणारा कॅमेरा घेऊन चमू कलाहारीतल्या एका पाणवठ्यावर रात्री बसून राहिला. एकलकोंडे आणि तापट म्हणून ओळखले जाणारे काळे गेंडे तिथे जमून एकमेकांना हुंगताना, चक्क लगट करताना दिसले. सहारातल्या चंदेरी मुंग्या भर दुपारी, बाकीचे जीव सावलीला गेल्यावर, जेमतेम काही मिनिटांसाठी बिळाबाहेर पडतात आणि उन्हाने मेलेले किडे ओढून नेतात. तेवढ्या अवधीत कॅमेरा त्यांच्या उंचीवर नेऊन ती धावपळ टिपणं येरागबाळ्याचं काम नाही. डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या निवेदनाने या चित्रांना प्रतिष्ठाही दिली आणि मायाही.

तरीही या मालिकेतली आफ्रिका जवळजवळ निर्मनुष्य आहे. शंभर कोटींहून अधिक माणसं राहतात तो हा खंड, पण मुख्य कथनात गुराखी नाहीत, गाव नाही, शेत नाही. स्थानिक वाटाडे भेटलेच तर भागाच्या शेवटी, चित्रीकरणाची हकीकत सांगणाऱ्या दहाएक मिनिटांत. सहावा भाग मात्र भविष्याबद्दल आणि म्हणून माणसांबद्दलही आहे. केनियातल्या लेवा अभयारण्यात अ‍ॅटनबरो एका अंध गेंड्याच्या पिलाशी त्याच्याच आवाजात बोलतात, ते याच भागात. पण याच भागात एक गफलतही झाली. आफ्रिकेच्या काही भागांचं तापमान २० वर्षांत ३.५ अंशांनी वाढलं, असं विधान त्यात होतं. ‘गार्डियन’ दैनिकाने त्याचा माग काढला तेव्हा तो स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांपाशी जाऊन थांबला. पुनःप्रक्षेपणात बीबीसीला ते वाक्य गाळावं लागलं. मुंगीसाठी दाखवलेली काटेकोर चिकाटी माणसांच्या जगण्याशी थेट निगडित आकड्याच्या वाट्याला आली नाही, हे खटकतं.

जिराफांची ती झुंज जिथे रंगली, त्या नामिबियाचा वायव्य भाग आज वन्यजीवांसाठी ओळखला जातो. १९८०च्या सुमारास तिथे चित्र वेगळं होतं. दुष्काळ आणि चोरटी शिकार यांनी हत्ती-गेंडे संपत आले होते. तेव्हा वन्यजीव संवर्धक गार्थ ओवेन-स्मिथ यांनी गावप्रमुखांशी बोलणी केली आणि त्या प्रमुखांनी आपल्याच माणसांतून राखणदार नेमले. ते पशुपालक होते, पावलांचे ठसे वाचणारे होते. कोणत्या पाणवठ्यावर कोण येऊन गेलं हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. पुढे १९९६च्या कायद्याने वन्यजीवांवरचे हक्क आणि त्यातून येणारं उत्पन्न स्थानिक समूहांना मिळालं. तिथल्या प्राण्यांची गोष्ट या माणसांना वगळून सांगितली तर ती अर्धीच राहते.

आणि अर्ध्या गोष्टीचे परिणाम पुरे होतात. फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या विमानातून टांझानियातल्या सेरेंगेटीतल्या कळपांची गणती केली आणि त्यावर चित्रपट केला. १९५९मध्ये चित्रीकरणादरम्यान विमान कोसळून मिखाएल गेला. ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ अशा अर्थाच्या नावाच्या या चित्रपटाला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं. राष्ट्रीय उद्यानात स्थानिकांसह कोणीच माणसाने राहू नये, असं ग्रझिमेक यांचं ठाम मत होतं. तिथल्या मसाई पशुपालकांना सेरेंगेटीतून हलवण्याचा निर्णय ब्रिटिश वसाहती सरकारचा होता, चित्रपटाचा नव्हे. मात्र माणसाविना असलेलं सेरेंगेटी हेच खरं सेरेंगेटी, ही समजूत अशा चित्रांनीच घरोघरी पोहोचवली. २०२२च्या जूनमध्ये सेरेंगेटीलगतच्या लोलिओंडोत सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमिनीची हद्द आखायला पोलीस आले आणि मसाईंशी त्यांची चकमक उडाली. तिथल्या चराईच्या जमिनीचा तंटा अजून मिटलेला नाही.

आपल्याकडेही हेच घडतं. बीबीसीच्याच ‘प्लॅनेट अर्थ २’च्या शहरांवरच्या भागात २०१६ साली मुंबईचे बिबटे झळकले. औष्णिक कॅमेऱ्याने टिपलेली डुकरांच्या पिलांची शिकार श्वास रोखायला लावते. पण त्याच बिबट्याला वाघोबा मानून पूजणारे वारली पाडे मुंबईतल्या जंगलाच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या उसाच्या फडांत माणसांच्या शेजारी बिबटे कसे राहतात, हे वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या अभ्यासाने दाखवून दिलंय. रात्री पोरांना एकटं न सोडणं, गोठा बंद करणं, बिबट्या दिसला तरी गर्दी न करणं, या साध्या सवयींतही भरपूर नाट्य आहे. ते चित्रित करायला महागडा कॅमेराही लागत नाही.

बदल शक्य आहे, आणि तो आफ्रिकेतूनच सुरू झालाय. आपल्याच देशात चित्रित झालेले वन्यजीवपट केनियाच्या लोकांना बघायला मिळत नाहीत, हे केनियन वन्यजीव संवर्धक पॉला काहुम्बू यांना सलत होतं. त्यांनी केनियातल्या प्रेक्षकांसाठी ‘वाइल्डलाइफ वॉरियर्स’ ही मालिका उभी केली. त्यात प्राण्यांइतकेच त्यांना राखणारे केनियन दिसतात. २०२३मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या हत्तींवरच्या मालिकेतही त्या होत्या.

मोठ्या वाहिन्यांनी आता हा मार्ग नियम म्हणून स्वीकारायला हवा. त्या त्या देशातले दिग्दर्शक आणि छायाचित्रकार घ्यावेत, राखणदाराला वाटाड्या म्हणून रोजंदारी देऊन न थांबता कथेत जागा द्यावी, आणि तयार भाग स्वाहिलीसारख्या भाषांत आधी तिथल्या गावांत दाखवावा. ताडोब्यात कॅमेरे लावणाऱ्या चमूंनाही हेच लागू आहे. उन्हाळ्यात पाणवठ्यावर प्राणीगणनेला बसणारे वनमजूर आणि पहाटे पायी गस्त घालणारे वनरक्षक यांची नावं तिथल्या वाघांच्या टोपणनावांइतकीच प्रेक्षकांना कळायला हवीत.